वरून वाढलेलं पाणी

फोन आला तेव्हा मी नळाला पाइप जोडत होते. बीडमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आमच्याकडे नळ इतक्या दिवसांनी येतो की तेवढ्या वेळात घराला आग लागली तरी बाई आधी पिंप भरून घेईल. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला, तेव्हा ओले हात पदराला पुसत उचलला. गावाकडून सुरेखा बोलत होती, कौसाक्काची सून. "बाई, आत्याबाई गेल्या," एवढंच म्हणाली. सकाळी चहाला उठवायला गेली तर... पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. पिंप भरून वाहू लागलं, पाणी फरशीवरून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर गेलं, समोरच्या काकू ओरडल्या तेव्हा कुठं मी भानावर आले. नळ बंद केला आणि तिथंच पायरीवर बसून रडले. रडतानासुद्धा वाटत होतं की कौसाक्का इथं असती तर आधी सांडलेल्या पाण्यावरून बोलली असती, माझ्या रडण्याचं नंतर बघितलं असतं. त्याला आता महिना होऊन गेला.

आमचं गाव चौसाळ्याच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. मी त्या गावच्या बौद्ध वस्तीतली मुलगी. नोकरी लागल्यावर बदली मागून घेतली आणि बरीच वर्षं त्याच गावच्या शाळेत शिकवलं. वस्तीला त्याचं कौतुक होतं. गावाला मात्र माझ्याशी कसं बोलावं ते लवकर सुधरेना. अगं म्हणावं की अहो, घरात बोलवावं की ओट्यावरच थांबवावं... कौसाक्कानं तो घोळ पहिल्याच आठवड्यात संपवला. शाळेच्या फाटकात उभी राहून, चार गल्ल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं मला "बाई" अशी हाक मारली आणि शेवटपर्यंत बाईच म्हणत राहिली. वयानं ती माझ्या आईच्या बरोबरीची होती. माझ्या आईला मात्र ती तेव्हा "गोदे" म्हणायची. गावात सगळेच म्हणायचे, म्हणून तीही म्हणायची. तिला त्यात काही खटकत नव्हतं, मला खटकायचं.

ती प्रेमळ वगैरे नव्हती. माणूस गेल्यावर त्याला गोड करून सांगायची पद्धत आहे, ती मला जमत नाही. कौसाक्का तापट होती, हट्टी होती, आणि गावच्या महिला दूध संस्थेची चेअरमन झाल्यापासून तर कुणाचंच ऐकत नव्हती. चेअरमनबाई म्हटलेलं तिला आवडायचं आणि आवडतं हे ती लपवायची नाही. सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या खोलीत ती स्वतः उभी राहायची. दुधाची डिग्री मोजायचं यंत्र होतं, पण तिचा भरवसा नाकावर. प्रत्येक किटलीत नाक खुपसायची. किटली नीट धुतलेली नसली की दूध परत. एकदा तिनं स्वतःच्या सुनेचं दूध सगळ्या बायकांसमोर परत पाठवलं. सुरेखा चार दिवस तिच्याशी बोलली नाही. कौसाक्काला त्याचं काही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही.

मग तो दुष्काळ आला. दुष्काळ आमच्याकडे नवीन नव्हता, पण त्या वर्षी दिवाळीनंतर निम्मं गाव ऊस तोडायला गेलं आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांनाही पाणी पुरेना. कौसाक्काची मुलगी आणि जावईही तोडीला गेले होते. जाताना मुलगी आपली लहानगी आईजवळ ठेवून गेली. छकुली म्हणायचे तिला. नुकती चालायला लागलेली, दूध संकलनाच्या खोलीत किटल्यांमधून फिरायची आणि आजीचं बघून प्रत्येक किटलीत नाक घालायची.

गावात टँकर यायचा आणि पाणी विहिरीत ओतून जायचा. ही आमच्याकडची रीत. ड्रायव्हरला घाई असते, विहिरीत पाइप सोडला की त्याचं काम झालं. पाणी तळच्या गाळावर आदळायचं, गढूळ व्हायचं, आणि काठावर उभ्या असलेल्या बाया तेच पाणी शेंदायला सुरुवात करायच्या. कुणाची बादली, कुणाचा डबा, कुणाची दोरी जनावराच्या दाव्याची... सगळं त्याच पाण्यात. वस्तीतल्या बायकांची काठावरची बाजू वेगळी होती. तसा नियम कुणी सांगत नव्हतं, पण बाजू होती. पंचायतीचा माणूस कधी आठवण झाली तर जंतुनाशक पावडर टाकून जायचा. त्या दिवशी पाण्याला वास येतो म्हणून लोक लांबच्या ओढ्यातला खड्डा उकरून तिथलं गोड पाणी आणायचे. औषध टाकलेल्या दिवशी औषध नसलेलं पाणी प्यायचं, असा तो सगळा प्रकार होता.

छकुलीला सकाळी जुलाब लागले. दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले. जीप मिळवून चौसाळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत उशीर झाला होता... ती वाटेतच गेली, कौसाक्काच्या मांडीवर. मुलीला कळवायला तिकडं कारखान्याच्या तळावर मुकादमाला फोन करावा लागला. तो फोन कौसाक्कानं स्वतः केला. ती फोनवर काय बोलली ते मी कधी विचारलं नाही. मुलगी त्यानंतर फार दिवस माहेरी आली नाही, एवढं गावाला माहीत आहे.

दहावा झाल्यावर कौसाक्का शाळेत आली. मधली सुटी होती. माझ्या समोर लेकरांच्या बाकावर बसली. विचारलं, "बाई, खरं सांगा. पाण्यानं झालं का?" मी म्हटलं, असावं, तसंच वाटतंय. ती म्हणाली, माझा रांजण तर रोज घासलेला असतो. मी तिला विचारलं की रांजणातून पाणी काढता कशानं. तांब्यानं, ती म्हणाली. मग तांब्यासोबत हात बुडतो, मी म्हटलं, येईल त्याचा बुडतो, लेकराचा बुडतो... नर्सबाईनं आम्हा शिक्षकांना जे सांगितलं होतं तेच मी तिला सांगत होते. ती स्वतःच्या हाताकडे बघत बसली. घंटा झाली, मुलं आत आली, तरी ती बाकावरून उठली नाही. मी तिच्यासकट वर्ग सुरू केला.

त्यानंतर तिनं जे केलं ते तिच्या स्वभावाला धरूनच केलं, म्हणजे सगळ्यांच्या मागं लागून. संकलनाच्या वेळी बायका रांगेत असायच्या, पळून जाता यायचं नाही. तिथं तिनं सुरुवात केली. "दुधाची किटली गरम पाण्यानं धुता, कारण दूध परत येतंय. लेकराचा माठ कावून धुईत न्हाई? लेकरू परत येत न्हाई म्हणून?" असं ती ज्यांच्या तोंडावर म्हणाली त्या बायका अजून सांगतात की त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी आधी माठ उपडा केला. संस्थेच्या आवारात तिनं काळी प्लॅस्टिकची मोठी टाकी बसवून घेतली, तिला तोट्या लावल्या, आणि टँकर विहिरीत नाही तर टाकीत रिकामा व्हायला हवा म्हणून ड्रायव्हरशी भांडली. टाकी भरायला वेळ लागतो म्हणून तो कुरकुर करायचा. एकदा त्यानं ऐकलं नाही तेव्हा ती टँकरच्या पुढं रस्त्यात बसली. टाकीत पावडर टाकायचं काम तिनं दुसऱ्या कुणाला दिलं नाही. वासाची तक्रार आली की म्हणायची, वास येतोय म्हंजी पाणी चांगलं हाय. दुधाला वास आला की परत पाठवणारी बाई पाण्याला वास नाही म्हणून ओरडते, याची बायका मागून टिंगल करायच्या. पण टाकीचं पाणी न्यायला लागल्या.

आमच्याकडे दूध संस्था दिवाळीला सभासदांना काहीतरी भांडं देते. डबा, पातेलं असं काही. त्या वर्षीचं भांडं दुष्काळामुळं लांबलं होतं, ते म्हणून कौसाक्कानं सगळ्यांना वगराळं आणि माठावरचं झाकण दिलं. वगराळं म्हणजे लांब दांड्याची पळीच, वरच्या टोकाला आकडा, खिळ्याला अडकवायला. दांडा लांब म्हणून हात पाण्याला लागत नाही. बायका नाराज झाल्या, डब्याच्या जागी हे काय म्हणाल्या. तिनं ऐकून घेतलं नाही. वस्तीत म्हशी थोड्या, सभासद थोडे, पण ती म्हणाली जुलाबाला सभासद कळत नाही, वगराळी सगळ्या घरांना द्यायची. आणि ती स्वतः घेऊन वस्तीत आली. गावातली तिच्या वयाची बाई अशी घरोघर वस्तीत फिरलेली मी तोवर पाहिली नव्हती. मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही.

आमच्या दारात तिनं बायका गोळा केल्या. आमच्याच माठावरचं झाकण काढलं, वगराळं बुडवलं आणि माझ्या आईला म्हणाली, "गोदे, वंजळ धर." वापरायचं कसं ते दाखवायचं होतं तिला. आईनं सवयीनं ओंजळ धरली. कौसाक्का उभी, आई खाली बसलेली. वरून धार आली. आईनं पाणी प्यायलं नाही... तिनं हात तसेच सोडून दिले. सगळं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. ती उठली आणि म्हणाली, "वरून वाढलेलं पाणी आमी लई प्यालो, अक्का. आता न्हाई."

हे समजायला माझ्या आईचं लहानपण माहीत असायला हवं. ती लहान होती तेव्हा आमच्या माणसांना विहिरीवर चढता येत नव्हतं. खाली मडकं ठेवून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला म्हणायचं, पाणी वाढा माय. कुणाला दया आली की ती वरून, लांबून, मडक्याला आपली बादली लागणार नाही अशा बेतानं ओतायची. तहान लागली तर ओंजळ धरायची. आईची आई तशी दुपारभर बसायची आणि आई तिच्या बाजूला. पुढं छप्पन साली माणसं बदलली, बुद्धाला शरण गेली, विहिरीची भांडणं झाली, आणि एक दिवस आईनं स्वतःच्या हातानं स्वतःची बादली शेंदली. हे ती आम्हाला कितीदा तरी सांगायची. आपल्या हातानं पाणी घेणं तिच्यासाठी साधी गोष्ट नव्हतीच. आणि आता गावातली बाई तिच्याच दारात, तिच्याच माठातलं पाणी, हात न लावता वरून वाढत होती आणि हेच चांगलं आहे म्हणत होती.

संध्याकाळी वस्तीतल्या बायकांनी सगळी वगराळी गोळा केली आणि संस्थेच्या पायरीवर नेऊन ठेवली. भांडण झालं असतं तर बरं होतं. कौसाक्का दुसऱ्या दिवशी शाळेत आली ती पेटूनच. मी काय वाईट केलं, मी तर घरात सुनेला अशीच वाढते, दिराला अशीच वाढते, माझ्या मनात काही नव्हतं... मी तिला म्हटलं, तुमच्या मनात नव्हतं हे मला माहीत आहे. पण सुनेला वरून वाढलं तर तिची तहान भागते आणि आईला वरून वाढलं तर तिला तिची जागा कळते. कौसाक्का म्हणाली, मग लेकरं मरू देता का? ती उठून गेली आणि बरेच दिवस आमचं बोलणं बंद राहिलं.

उन्हाळा चढला तशी वस्तीत आजारी पोरं निघायला लागली. माझ्या भावाची मुलगी सोनू, छकुलीच्याच वयाची, तिला जुलाब सुरू झाले. आम्ही वेळेवर उचलली, बीडला सलाईन लावलं. आई तिच्या उशाशी बसून होती. पोरीच्या हाताला सुई टोचायला शीर सापडत नव्हती तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वस्तीत दोन तट पडले होते. काही बायका म्हणत होत्या, वगराळं परत आणा, मान गेला खड्ड्यात, पोरं वाचली पाहिजेत. काही म्हणत होत्या, आज वगराळं आलं, उद्या काय काय वरून येईल. आई दोन्हीकडचं ऐकायची आणि आपल्या कामाला लागायची. मला तिचा राग येत होता आणि तिचं पटतही होतं. असं दोन्ही एकाच वेळी वाटणं फार वाईट असतं. जेवण जात नाही.

सोनू घरी आल्यावर एक दिवस कौसाक्का आमच्या दारात उभी. एकटीच, हातात काही नाही. पोरीला बघाया आले, म्हणाली. आईनं गोणपाट अंथरलं. ती बसली, सोनूच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तान लागली. पाणी द्या." आजूबाजूच्या बायका दारात जमल्या होत्या. गावातल्या तिच्या गल्लीतलं कुणी आमच्या वस्तीत पाणी पीत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आई चुलीपुढून उठली. हात नुसते पदराला पुसले, तांब्या घेतला आणि मनगटापर्यंत हात माठात बुडवून भरला. मी आईकडे बघत होते, आईनं माझ्याकडे बघितलं नाही. घरात जुलाबाचं लेकरू झोपलेलं, आणि ओला तांब्या कौसाक्काच्या समोर.

नाही म्हणाली असती तर वस्तीचा संशय खरा ठरला असता. घेतलं तर ज्या पाण्यानं नात नेली तसलंच पाणी जाणूनबुजून पोटात घ्यायचं. तिनं तांब्या घेतला, सवयीनं नाकाजवळ नेला, आणि तोंड लावून सगळा रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझी छकुली गेली, बाई. ही जाऊ देऊ नका." आईशी ती बोललीच नाही. उठून निघून गेली. दारातल्या बायकांनी तिला वाट करून दिली.

दोन दिवसांनी संस्थेत दूध घ्यायला सुरेखा उभी होती. कळलं की आत्याबाई अंथरुणावर आहेत, उलट्या-जुलाब, चौसाळ्याच्या बाजारात भजी खाल्ली म्हणतात. कौसाक्का बाजारातलं भजं कधी खात नव्हती. मी घरी येऊन आईला सांगितलं. तिनं चूल पेटवली, मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं, खळखळा उकळू दिलं, निवलं तशी सोनूच्या वेळी दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं होतं तसं मीठ-साखर घातली. झाकण ठेवलं. आणि मग धान्याच्या कोठीमागून एक वगराळं काढलं. सगळ्या वस्तीनं परत केली होती तेव्हा तिनं एक मागं ठेवलं होतं. का ठेवलंस, असं मी विचारलं नाही.

आई डोक्यावर पातेलं आणि हातात वगराळं घेऊन पुढं, मी मागं. कौसाक्काच्या ओसरीवर तिचे थोरले दीर दादाराव बसले होते. "कुठं निगालीस?" त्यांनी विचारलं. "अक्काकडं," आई म्हणाली आणि थांबली नाही. कौसाक्का आतल्या खोलीत पडलेली, तोंड पार उतरलेलं. आईला बघून ती उठून बसायला लागली. आईनं पातेलं खाली ठेवलं, झाकण काढलं, आणि एकच सांगितलं, "उकळलेलं हाय."

कौसाक्कानं कोपरावर टेकून ओंजळ पुढं केली. आईनं वगराळं बुडवलं आणि वरून धार धरली. खाली ती, वर माझी आई. दोघींपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. बराच वेळ आई वाढत होती आणि ती पीत होती. मग कौसाक्का पुन्हा आडवी झाली आणि भिंतीशी असलेल्या रांजणाकडे बोट करून म्हणाली, "गोदाक्का, तुमाला बी तान लागली आसंल. घ्या तुमच्या हातानं." त्या दिवसापासून माझी आई गोदे राहिली नाही. आईनं रांजणावरचं झाकण काढलं, भिंतीवरचं वगराळं घेतलं, आणि त्या घरातलं पाणी आपल्या हातानं प्याली. मग वगराळं माझ्या हातात दिलं.

सगळं चांगलं झालं असं मात्र लिहू शकत नाही. आम्ही निघाल्यावर दादारावांनी तो रांजण अंगणात नेऊन ओतायला लावला, राखेनं घासायला लावला. दुष्काळात, भरलेला रांजण. कौसाक्का आत पडून तो आवाज ऐकत होती, अंगात उठायचं बळ नव्हतं. दादारावांनी त्यानंतर आपल्या खोलीत वेगळा माठ ठेवला आणि मरेपर्यंत त्याचंच पाणी प्याले. कौसाक्कानं त्यांना जेवण वाढलं, औषधं दिली, पण पाणी कधी दिलं नाही. वस्तीत वगराळी परत आली, ती बायका स्वतः जाऊन घेऊन आल्या. पण एक बदल झाला. कुणी कुणाला वाढायचं नाही, दांडा हातात द्यायचा आणि ज्यानं त्यानं घ्यायचं. कौसाक्कानं तो नियम संस्थेतही लावला. कुणी दुसऱ्याला वरून वाढताना दिसलं की ओरडायची. पोरं आजारी पडायची थांबली नाहीत, पण कमी पडायला लागली. सोनू वाचली, आता ती स्वतः आई झाली आहे.

फार वर्षांनी मी आईला विचारलं होतं की त्या दिवशी तो तांब्या तसा भरायला हवा होता का. आई सुपातले खडे निवडत होती. म्हणाली, "पाणी चांगलं पायजे हे मला बी कळत व्हतं. पर कुणाच्या हातानं, हे तिला कळाया पायजे व्हतं." आणि ती मेली असती तर, मी विचारलं. आई निवडत राहिली. आई गेल्यावर आता तो प्रश्न माझ्याकडे आला आहे. कधी वाटतं, आई चुकली. कधी वाटतं, आईनं ते केलं नसतं तर वगराळं आमच्या वस्तीत कधीच आलं नसतं. अशा गोष्टींचा निकाल लागत नाही. तो मनात तसाच राहतो आणि मधूनच टोचतो.

मी जेव्हा जेव्हा कौसाक्काकडे गेले तेव्हा तिनं मला पाणी आणून दिलं नाही. आत बोलवायची, वगराळ्याचा दांडा हातात द्यायची, "घ्या तुमच्या हातानं." मी प्याले की म्हणायची, "मला बी द्या." मग मी तिला वरून वाढायची; स्वतःचा नियम ती एवढ्यापुरता मोडायची. हे इतकी वर्षं चाललं. बीडला आले तरी गावी गेल्यावर हा कार्यक्रम ठरलेला. मधल्या काळात खासगी डेअरीवाले आले, जास्त भाव दिला, संस्था बंद पडली. काळी टाकी उन्हानं तडकली. संकलनाच्या खोलीत आता थंड पाण्याचे जार भरतात. गावात घरोघर जार. कौसाक्काला ते आवडत नव्हतं. "ह्याला वास न्हाई, चव न्हाई. कुठलं हाय, कुणी बघितलंय का?" म्हणायची. घरातल्यांनी जार लावला तरी तिनं आपला रांजण काढू दिला नाही. गेल्या दिवाळीनंतर भेटले तेव्हा तिला नीट दिसत नव्हतं. दांडा चाचपून माझ्या हातात दिला, आणि मग ओंजळ धरून बसली.

ती गेल्यावर मी भेटायला गेले. ओसरीवर सतरंजी, बायका बसलेल्या. उन्हातून आले होते, घसा कोरडा पडला होता. दादारावांची सून जार आणि कागदी ग्लास घेऊन पाणी देत आली. माझ्या डावीकडच्या बाईला दिलं, मग मला ओलांडून उजवीकडच्या बाईला दिलं, आणि पुढं गेली. शेवटच्या बाईपर्यंत सगळ्यांना दिलं. मला नाही... कानशिलं तापली. एवढी वर्षं शिकवलं, निवृत्त झाले, या घरात पाण्यासाठी काय काय घडलं, आणि आज, ती नाही म्हटल्यावर लगेच. आई आठवली, लुगड्यावर पाणी सांडून उभी राहिलेली. मी पिशवी जवळ ओढली. उठायच्याच बेतात होते.

तेवढ्यात आतल्या दारातून सुरेखानं हाक मारली. "बाई, तुमाला जारचं देऊ नका म्हणले मी. आत या. रांजण भरलाय."

मी आत गेले. खाट होती, त्यावरची वाकळ घडी करून ठेवली होती. भिंतीशी रांजण, वर झाकण, वरच्या खिळ्याला वगराळं. सुरेखा म्हणाली, आत्याबाई गेल्या तरी रोज भरते, त्यातलं कुणी पीत नाही, पण भरते. मी झाकण काढलं, पाणी घेतलं, प्याले. त्याला तो औषधाचा वास होता. मग सवयीनं वगराळं पुन्हा बुडवलं आणि भरून खाटेकडे वळले... खाटेवर कुणी नव्हतं. सुरेखा दारात उभी होती, तोंडावर पदर घेऊन. मी दांडा तिच्याकडे फिरवला आणि म्हटलं, "घे, तुझ्या हातानं." तिनं तो धरला, पाणी प्याली, आणि वगराळं परत खिळ्याला अडकवलं.